एअरबॅग उघडल्यावर बिल एवढं का येतं, आणि त्यातलं तुमच्या वाट्याचं किती

आधी तुमचा प्रश्न मला समजला तसा मांडतो. १५०० सीसीच्या आतली, सव्वादोन वर्षांची कॉम्पॅक्ट एसयूव्ही. रात्री संगमनेरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या, तुम्हाला आणि वहिनींना खरचटण्यापलीकडे काही नाही. डीलरच्या वर्कशॉपने ५ लाख ४० हजारांचं एस्टिमेट काढलंय. तुमच्या पॉलिसीत झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही, आणि वर्कशॉपचा सल्लागार म्हणतो की तुमच्या खिशातून १ लाख ९० हजारांच्या आसपास जातील. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, 'क्लेम माझ्याकडून करा, एअरबॅग सेट करून देतो, तुम्हाला पन्नास हजारांवर खर्च येणार नाही.' तुम्ही विचारताय, बिल खरं आहे का, आणि कुणाचं ऐकू?

चौदा वर्षं बॉडीशॉपमध्ये काढली, गेली बारा वर्षं सर्व्हेअर म्हणून विमा कंपन्यांसाठी नुकसान तपासतो. नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे गाळप हंगामात, माझ्या टेबलावर ट्रॉलीची एखादी फाइल असतेच. बिल बव्हंशी खरं आहे. तुमच्या वाट्याचा आकडा मात्र फुगलेला आहे. आणि गॅरेजवाल्याला आजच नाही म्हणा. आता एकेक करून सांगतो.

तुम्ही एस्टिमेटचा जो तपशील दिलाय तो असा. दोन एअरबॅग ६६ हजार. एअरबॅगचं कंट्रोल युनिट २४ हजार. पुढचे दोन सीटबेल्ट २२ हजार. डॅशबोर्ड ४६ हजार. क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधल्या एअरबॅगपर्यंत वीज नेणारी गुंडाळी) आणि पुढचे दोन सेन्सर मिळून १४ हजार. काच २१ हजार. रडार ६८ हजार. दोन एलईडी हेडलाइट ६४ हजार. बंपर, ग्रिल, ब्रॅकेट ३० हजार. बोनेट, फेंडर, क्रॉस मेंबर वगैरे पत्रा ६२ हजार. रेडिएटर, कंडेन्सर, फॅन ४८ हजार. मजुरी, पेंटिंग आणि कॅलिब्रेशन (रडार-कॅमेऱ्याची नजर जुळवणं) ७५ हजार, त्यातलं पेंटिंग ३६ हजार.

लोक ठोकलेल्या गाडीकडे बघतात तेव्हा त्यांना पत्रा दिसतो. तुमच्या यादीत पत्रा ६२ हजारांचा आहे. एअरबॅग, त्यांचं युनिट, बेल्ट, डॅशबोर्ड, क्लॉक स्प्रिंग, सेन्सर आणि रडार यांची बेरीज करा, २ लाख ४० हजार होते. 'बाहेरून तर फार काही झालेलं नाही' असं तुम्ही लिहिलंय ते याचमुळे. पैसा आत गेलाय.

एअरबॅग म्हणजे घडी घातलेली पिशवी आणि तिच्यामागे गॅस तयार करणारा दारूगोळा. धडक बसली की कंट्रोल युनिट एक बारीक इग्नायटर पेटवतं आणि साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगून तयार होते. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. दारू एकदाच जळते, त्यामुळे उघडलेली एअरबॅग दुरुस्त होत नाही. पिशवी पुन्हा घडी करून आत कोंबता येते, पण ती नुसती चिंधी असते.

सीटबेल्टचं लोकांना पटत नाही. 'बेल्ट तर शाबूत आहे' म्हणून वाद घालतात. हल्लीच्या पुढच्या बेल्टमध्ये प्रीटेन्शनर असतो, तोही दारूवर चालतो. धडकेच्या क्षणी तो बेल्ट काही सेंटीमीटर मागे खेचतो आणि माणसाला सीटला चिकटवतो. तुमच्या छातीवर जो तिरपा वळ उठलाय तो त्याचाच. एकदा उडालेला प्रीटेन्शनर बहुतेक वेळा जाम होतो, बेल्ट नीट गुंडाळला जात नाही. घरी बसल्या बसल्या पाहायचं तर वर्कशॉपला सांगा, दोन्ही बेल्ट पूर्ण ओढून सोडल्याचा व्हिडिओ पाठवा.

डॅशबोर्डचा ४६ हजारांचा आकडा बघून तुम्ही चिडलात, ते स्वाभाविक आहे. मीही बॉडीशॉपमध्ये नवा होतो तेव्हा चिडायचो. पण पॅसेंजर साइडची एअरबॅग बाहेर यायला डॅशबोर्डच्या आतल्या बाजूने एक कमकुवत रेघ कोरलेली असते. ठरावीक जोर आला की तिथेच फाटायचं, आणि झाकण बिजागरीवर उलटून काचेकडे जायचं, असं ते गणित आहे. ही रेघ कारखान्यातच पडते. बाहेरच्या गॅरेजमध्ये फायबर आणि रेक्झिनने फाटलेला भाग इतका सफाईने भरून देतात की बोट फिरवूनही कळत नाही. पुढच्या वेळी मात्र एअरबॅगला तिथून वाट मिळत नाही, नाहीतर तो भरलेला तुकडाच समोरच्याच्या तोंडावर येतो. काचही बऱ्याचदा याच झाकणाच्या आणि पिशवीच्या दणक्याने जाते, ट्रॉलीने नाही.

कंट्रोल युनिट धडकेची नोंद स्वतःत कोरून ठेवतं. बाजारात ही नोंद पुसून देणारे लोक आहेत, 'क्रॅश डेटा रीसेट' म्हणतात त्याला. हजार-दोन हजारांत मीटरमधला एअरबॅगचा दिवा विझतो. गाडी बनवणाऱ्याचं सर्व्हिस मॅन्युअल एअरबॅग उघडल्यावर युनिट बदला म्हणत असेल, तर मी बदलाच लिहितो. आतले घटक एकदा झटका खाऊन बसलेत, आणि त्यांची परीक्षा थेट पुढच्या अपघातातच होणार.

आता रडार. मोठ्या गाड्यांतली ही गोष्ट २०२१ नंतर एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांबरोबर आपल्याकडे रुळली आणि आता छोट्या एसयूव्हीतही आली. आपोआप ब्रेक लावणं, पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, या सगळ्याचे डोळे म्हणजे काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमागचं रडार. आणि रडार बसवलंय कुठे? धडक जिथे सगळ्यात आधी बसते तिथे. काही वेळा रडार शाबूत असतं, नुसतं त्याचं ब्रॅकेट वाकलेलं असतं. ब्रॅकेट दहा सेंटीमीटर रुंद धरा. त्याची एक बाजू फक्त दोन मिलिमीटर आत गेली तर रडारची नजर एका अंशाहून जास्त वळते. एक अंश म्हणजे शंभर मीटरवर पावणेदोन मीटर. आपल्या हायवेची एक लेन साडेतीन मीटरची. म्हणजे रडारला वाटणार समोर गाडी आहे, आणि ती असणार शेजारच्या लेनच्या कडेला. मग गाडी मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारते, किंवा जिथे मारायला हवा तिथे मारत नाही.

म्हणून कॅलिब्रेशन. तुम्ही विचारलंय की, 'लॅपटॉप जोडून दहा मिनिटांचं काम, त्याचे एवढे पैसे?' दहा मिनिटांचं नाही. आधी व्हील अलाइनमेंट, कारण गाडी ज्या रेषेत चालते ती रेष चुकली तर पुढचं सगळं चुकतं. टायरची हवा बरोबर, डिकी रिकामी, जमीन सपाट, समोर मोकळी जागा आणि मोजून ठेवलेला टार्गेट बोर्ड. काही मॉडेलना याउलट रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवूनच कॅलिब्रेट करावं लागतं, आणि त्यासाठी लेनचे पट्टे स्पष्ट हवेत. आमच्याकडचा एक टेक्निशियन यासाठी गाडी घेऊन तडक समृद्धीवर जायचा. गावातल्या रस्त्यांवर पट्टे शोधण्यात पेट्रोल जाळण्यापेक्षा टोल परवडतो म्हणायचा. काच बदलली की कॅमेऱ्याचंही कॅलिब्रेशन लागतं. तुमची काच बदलणार आहे, तेव्हा तुमच्या गाडीला दोन्ही लागणार.

मात्र रडारच्या ६८ हजारांवर मी लगेच सही करणार नाही. एस्टिमेटमध्ये 'रडार बदलणे' हे बघून लिहिलंय की तपासून, हे विचारा. स्कॅन रिपोर्ट मागा. ट्रॉली उंच असते, गाडीचं नाक तिच्याखाली शिरतं, त्यामुळे बोनेट, हेडलाइट आणि काच यांचा चुराडा होतो आणि खालचा बंपर कधीकधी बचावतो. रडार खाली असेल आणि त्याच्या घराला तडा नसेल, तर नवं ब्रॅकेट आणि कॅलिब्रेशन एवढ्यावर भागू शकतं. याच कारणासाठी बंपरमागचा लोखंडी बीम आणि त्यामागचे क्रॅश बॉक्स (धडक झेलून चेपणारे भाग) चेपलेत का, हेही उघडून बघायला सांगा. ते चेपले नसतील आणि एप्रनची (पुढच्या चाकांवरच्या आतल्या पत्र्याची) मापं बरोबर असतील, तर गाडी नशीबवान आहे. पिलर (छताचे खांब) आणि सिल (दाराखालची पट्टी) ज्या कडक स्टीलचे असतात ते गॅसने तापवून सरळ करायचं नसतं, तापवलं की त्याची ताकद जाते. तुमच्या फोटोंत पिलरला काही दिसत नाही, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

आता तुमचा वाटा. इथेच तुमचे पैसे वाचणार आहेत, त्यामुळे वही-पेन घेऊन बसा.

झिरो डेप नसलेल्या पॉलिसीत कंपनी सुट्या भागांवर घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापते. त्याचे दर २००२ च्या मोटार टॅरिफमधून आलेत. ओन डॅमेजच्या, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या, प्रीमियमवरचं नियंत्रण २००७ मध्ये उठलं, पण पॉलिसीतली ही वाक्यं तशीच राहिली. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर, ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, गाडी कालची असली तरी. फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेवर शून्य. आणि 'लाकडी भागांसह इतर सर्व भाग' गाडीच्या वयाप्रमाणे, दोन ते तीन वर्षांसाठी १५ टक्के. हो, लाकडी भागांसह. यावरून ते कोणत्या काळातल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असेल याची कल्पना यावी. टायर झिजतो, बॅटरी उतरते, हे समजू शकतो. एअरबॅग कुठे झिजते? ती डब्यात बंद असते आणि पहिल्या दिवशी जशी असते तशीच दोन वर्षांनी उघडते. तेव्हा एअरबॅग ही चैनीची वस्तू होती. २०२१ च्या अखेरीपासून प्रत्येक नव्या कारला पुढच्या दोन एअरबॅग सक्तीच्या आहेत, तरी ओळ तीच. माझ्या मते हा अन्याय आहे, पण पॉलिसीत छापलेला आहे, सर्व्हेअरच्या हातात काही नाही. ते ३३ हजार तुमचे गेले समजा.

डॅशबोर्ड प्लास्टिक, २३ हजार. बंपर-ग्रिल, १५ हजार. हेडलाइटही हल्ली बहुतेक सर्व्हेअर प्लास्टिकमध्येच धरतात, ३२ हजार. एअरबॅग मिळून हे झाले १ लाख ३ हजार. पत्रा, रेडिएटर-कंडेन्सर, कंट्रोल युनिट, सेन्सर, सीटबेल्ट आणि रडार यांची किंमत २ लाख ३८ हजार. त्यावर १५ टक्के म्हणजे ३५ हजार ७००. पेंटिंगच्या ३६ हजारांपैकी पाव भाग रंगाचं सामान धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे साडेचार हजार. बाकीच्या मजुरीवर घसारा नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममध्ये तुम्हीच भरायची रक्कम, १ हजार. एकूण १ लाख ४४ हजार २००, अधिक कूलंट, एसी गॅस, क्लिपा, नटबोल्ट असलं किरकोळ सामान.

मग सल्लागाराचे १ लाख ९० हजार आले कुठून? मी उलटं गणित करून पाहिलं. सीटबेल्ट, कंट्रोल युनिट, क्लॉक स्प्रिंग-सेन्सर आणि रडार या १ लाख २८ हजारांवर त्याने १५ ऐवजी ५० टक्के लावलेत. फरक ४४ हजार ८००, आणि बेरीज बरोबर १ लाख ८९ हजारांवर येते. त्याचं म्हणणं असणार की रडारचं खोकं प्लास्टिकचं, बेल्ट नायलॉनचा. आमच्या धंद्यात असं करणारे आहेत. माझं मत वेगळं आहे. रडार हे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे, वरचं आवरण प्लास्टिकचं म्हणून ते प्लास्टिकचा भाग होत नाही, नाहीतर गाडीतली प्रत्येक वायर प्लास्टिक ठरेल. सीटबेल्टच्या २२ हजारांत नुसती पट्टी किती आणि रिट्रॅक्टर-प्रीटेन्शनर किती, हे उघड आहे. सर्व्हेअरला लेखी विचारा की प्रत्येक भाग कोणत्या वर्गात धरला आणि का. रिपोर्टची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. वर्कशॉपच्या सल्लागाराशी वाद घालून उपयोग नाही, त्याच्या हातात हा निर्णय नसतो. सर्व्हेअर ऐकत नसेल तर कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहेत. फी नाही, वकील नाही.

रडार बदलावं लागलं नाही, तर त्याच्या वाट्याचे दहा हजारही सुटतील. हेडलाइट दोन्ही खरंच गेलेत का तेही बघा. नुसता बसवायचा कान तुटला असेल तर काही मॉडेलना कंपनीचंच दुरुस्तीचं किट मिळतं, आणि तुमच्या हिशेबात एका हेडलाइटमागे १६ हजार वाचतात. फेंडर ठोकून सरळ होत असेल तर होऊ द्या, नव्याचा हट्ट नको. काटकसर करायची ती अशा ठिकाणी. रडारसमोरच्या बंपरला मात्र प्लास्टिक वेल्डिंग आणि पुट्टी करू नका. पुट्टीचा थर किंवा ॲल्युमिनियमचे कण असलेल्या रंगाचे जाड थर रडारच्या लहरींना आडवे येतात. काचही अशी घ्या जिच्यात कॅमेऱ्याची खिडकी आणि ब्रॅकेट मूळ मापाचं आहे.

टोटल लॉसची, म्हणजे कंपनी गाडी दुरुस्तीपलीकडची ठरवेल याची, भीती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीय. तुमचं आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ११ लाख २० हजार आहे. खर्च त्याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ८ लाख ४० हजारांवर गेला तरच तो विषय येतो. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. पाच-सहा वर्षांच्या, आयडीव्ही चार-पाच लाखांवर आलेल्या गाडीला सहाच्या सहा एअरबॅग उघडल्या की चित्र पालटतं, आणि चांगली धावणारी गाडी नुसत्या एअरबॅगपायी भंगारात जाते.

राहिला गॅरेजवाला. 'सेट करून देतो' याचा अर्थ असा की बिल नव्या एअरबॅगचं लागणार आणि गाडीत नवी एअरबॅग नसणार. हा विम्याचा सरळ सरळ खोटा दावा आहे, आणि क्लेम फॉर्मवर सही त्याची नसते, तुमची असते. नव्या एअरबॅगला नंबर असतो, मी रिइन्स्पेक्शनला, म्हणजे दुरुस्तीनंतरच्या तपासणीला, तो फोटोत घेतो, जुनी उघडलेली एअरबॅग सॅल्व्हेज म्हणून मागतो. पकडलं गेलं तर पूर्ण दावा जातो, ५ लाख ४० हजार सगळे तुमच्या अंगावर.

पकडलं नाही गेलं तर काय होतं, ते मी बॉडीशॉपमध्ये असताना पाहिलंय. जुनी म्हणून विकत घेतलेली एक सेडान टँकरला धडकून आली. एअरबॅग उघडलीच नव्हती, मालक वर्कशॉपवर केस करायच्या तयारीत. आम्ही स्टिअरिंगचं झाकण उघडलं तर आत फोमचा तुकडा, आणि एअरबॅगच्या दोन तारांमध्ये पिळून बसवलेला दोन-तीन ओहमचा रेझिस्टर. इग्नायटरचा रोध साधारण तेवढाच असतो. कंट्रोल युनिट प्रत्येक वेळी गाडी सुरू झाली की तारा तपासायचं, त्याला रोध बरोबर मिळायचा, दिवा विझायचा. बाजारात काही रुपयांना मिळणाऱ्या त्या रेझिस्टरवर तो माणूस दोन वर्षं निर्धास्त गाडी चालवत होता. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. आधीच्या मालकालाही यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणाला, 'मला गॅरेजवाल्याने स्वस्तात करून दिलं.'

पुढच्या नूतनीकरणाला झिरो डेप आणि कन्झ्युमेबल्स (वरच्या किरकोळ सामानाचं कव्हर) दोन्ही घ्या. वर्षाला काही हजार जास्त जातील. झिरो डेप असतं तर वरच्या १ लाख ४४ हजारांतले हजार रुपये आणि किरकोळ सामान एवढंच तुमच्याकडे राहिलं असतं. वर्षाला किती क्लेम चालतात ते मात्र वाचून घ्या, पुष्कळ कंपन्या दोनवर थांबवतात. या क्लेममुळे तुमचा २५ टक्के नो क्लेम बोनस जाईल, पण तो फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर असतो. पाच लाखांच्या कामापुढे त्याचा विचार करू नका.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. बिलात एअरबॅग, युनिट आणि बेल्ट यांचे पार्ट नंबर आहेत ना पाहा, कॅलिब्रेशनचा छापील रिपोर्ट घ्या. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि मीटरमधल्या एअरबॅगच्या दिव्याकडे बघा. तो पेटायला हवा आणि काही सेकंदांनी विझायला हवा. पेटून राहिला तर काम अर्धवट आहे. आणि पेटलाच नाही, तर कुणीतरी तो दिवाच काढून ठेवलाय. किल्ली टेबलावर परत ठेवा आणि सर्व्हेअरला फोन लावा.